फॅमिली डॉक्टर निवडताना: पाटीवरची अक्षरं आणि खुर्चीतला माणूस

प्रश्न थोडक्यात असा: जुने डॉक्टर निवृत्त झाले, घरात दोन लहान मुलं आणि सासूबाई आहेत, नवीन फॅमिली डॉक्टर शोधायचाय. पण ज्याचा-त्याचा परिचय वाचावा तर 'रुग्णकेंद्री', 'सर्वांगीण', 'आपुलकीनं विचारपूस' हेच शब्द. यातून निवडायचं कसं? डॉक्टरची पार्श्वभूमी म्हणजे नेमकं काय बघायचं? आणि ज्या अवयवाचं दुखणं त्याच्या स्पेशालिस्टकडे थेट गेलं, तर बिघडतं कुठे?

मी २६ वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे माझं उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. परिचयातले ते शब्द सोडून द्या. माझ्याही परिचयात तेच आहेत. कुणीतरी लिहून दिले, मी मान डोलावली.

आधी पार्श्वभूमी. 'स्पेशालिस्ट होता आलं नाही म्हणून फॅमिली डॉक्टर झाला' हा समज पेशंटपेक्षा डॉक्टरांमध्येच जास्त आहे. तो यायला कारण आहे. काम जुनं असलं तरी त्याचं रीतसर शिक्षण तसं अलीकडचं. ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचं कॉलेज १९५२ साली स्थापन झालं. कॅनडात इयान मॅक्विनी १९६८ मध्ये फॅमिली मेडिसिनचे तिथले पहिले प्राध्यापक झाले. अमेरिकेत १९६९ मध्ये या विषयाला स्वतंत्र विशेष शाखेचा दर्जा मिळाला, तोही विसाव्या क्रमांकाचा. मूळ पदवीनंतर अनेक देशांत दोन ते तीन वर्षांचं प्रशिक्षण असतं: काही महिने मेडिसिन, काही बालरोग, प्रसूती, सर्जरी, मानसिक आजार, अपघात विभाग, आणि उरलेला वेळ अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली साध्या दवाखान्यात. पाटीवर ही पदव्युत्तर पदवी दिसली तर चांगलंच. नोंदणी चालू आहे ना, हे मात्र वैद्यकीय परिषदेच्या यादीत जरूर बघा, त्यात संकोच नको. पण ती पदवी नसलेले, तीस-तीस वर्षं एकाच जागी बसून शिकलेले काही जनरल प्रॅक्टिशनर माझ्यापेक्षा सरस आहेत, हेही खरं.

या प्रशिक्षणातला सगळ्यात अवघड भाग अभ्यासक्रमात कुठे लिहिलेला नसतो. तो म्हणजे वॉर्डात शिकलेली गणितं विसरणं.

१९६१ साली केर व्हाइट हे अमेरिकेतले संशोधक डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब मांडला होता. १००० प्रौढ माणसं घ्या. एका महिन्यात त्यांतल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. त्यांतले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि मोठ्या शिक्षण-रुग्णालयात पोचतो फक्त १. आता गंमत बघा. आम्ही शिकलो ते त्या एकाकडे बघून. बाकीच्या ७४९ जणांचं दुखणं कसं असतं, ते आपोआप कसं जातं, कधी जात नाही, हे आम्हाला कुणी दाखवलंच नाही. वॉर्डातल्या डोकेदुखीमागे गाठ निघायची शक्यता आणि दवाखान्यातल्या डोकेदुखीमागे गाठ निघायची शक्यता यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, कारण वॉर्डात आलेला माणूस आधीच तीन-चार चाळण्यांतून गाळून आलेला असतो.

माझी चूक सांगतो. दवाखाना सुरू करून वर्ष झालं नव्हतं. तिशीच्या आतली एक शिक्षिका रोजच्या डोकेदुखीसाठी आली. मी वॉर्डातून नुकताच बाहेर पडलेलो. मेंदूचा स्कॅन लिहून दिला. रिपोर्टमध्ये एक छोटी पाण्याची गाठ निघाली. जन्मापासून असणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशी. पण 'मेंदूत गाठ' हे दोन शब्द एकदा कानावर पडले की पुढचं काही ऐकू येत नाही. मग न्यूरोसर्जन, सहा महिन्यांनी परत स्कॅन, झोप उडालेली, लग्नाची बोलणी पुढे ढकललेली. डोकं दुखतच होतं. आठ महिन्यांनी ती असंच काहीतरी दाखवायला आली आणि पर्समधून रुमाल काढताना गोळ्यांच्या तीन पट्ट्या टेबलावर पडल्या. मी विचारलं, "रोज घेता?" "रोज नाही घेतली तर शाळा कशी करणार, डॉक्टर?" साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर घेत राहिलं, की ती गोळीच डोकेदुखी कायम ठेवू लागते, मिश्र, म्हणजे एकीतच दोन-तीन औषधं असलेल्या, गोळ्यांच्या बाबतीत तर ही मर्यादा १० दिवसांची आहे. गोळ्या थांबवल्या. पहिले दहा-बारा दिवस तिचे फार वाईट गेले, त्यानंतर डोकेदुखी महिन्यातून दोनदा-तीनदावर आली. पहिल्याच भेटीत "गोळ्या किती खाता?" एवढा प्रश्न विचारला असता, तर तिचे आठ महिने वाचले असते. रिपोर्ट बरोबर होता, स्कॅनचं मशीन बरोबर होतं. चुकला होता तो स्कॅन लिहून देणारा, म्हणजे मी.

म्हणून डोकेदुखीत स्कॅन कधीच नको असं नाही. क्षणात, वीज पडल्यासारखी सुरू झालेली. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आलेली. तापाबरोबर मान ताठ. हातापायात किंवा बोलण्यात फरक. दिवसेंदिवस चढत जाणारी आणि पहाटे उलटीसह उठवणारी. अशा वेळी मी थांबत नाही, त्याच दिवशी पाठवतो. फॅमिली डॉक्टरचं कसब याच निवडीत असतं: शंभर डोकेदुख्यांतल्या ९८ घरी ठेवायच्या आणि उरलेल्या दोन हातून निसटू द्यायच्या नाहीत.

हे जमतं कशानं? बहुतांशी ऐकण्यानं. १९७५ साली ब्रिटनमध्ये ८० नव्या पेशंटवर एक छोटा अभ्यास झाला होता. ६६ जणांच्या बाबतीत, नुसती हकीकत ऐकून केलेलं निदान शेवटी बरोबर निघालं. अंगाला हात लावून तपासल्यावर आणखी ७ जणांचं कळलं, आणि लॅबच्या तपासण्यांमुळे आणखी ७ जणांचं. आकडे जुने आहेत, तपासण्या तेव्हापासून कितीतरी सुधारल्या. तरी माझ्या रोजच्या कामात प्रमाण फारसं वेगळं नाही.

आणि तरीही आम्ही ऐकत नाही. १९८४ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. १९९९ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा २३ सेकंद भरले. पंधरा वर्षांत पाच सेकंदांची प्रगती. भीती अशी असते की मोकळं सोडलं तर हा माणूस अर्धा तास बोलेल. स्वित्झर्लंडमध्ये काही डॉक्टरांना सांगितलं गेलं की मध्ये बोलू नका, पेशंट आपणहून थांबेपर्यंत थांबा. सरासरी ९२ सेकंद लागले. दर दहांपैकी जवळजवळ आठ जण दोन मिनिटांच्या आत बोलून मोकळे झाले. हे वाचल्यावर मी टेबलावर पेशंटला दिसणार नाही असं एक घड्याळ ठेवलं होतं. पहिले काही दिवस माझाच जीव वर-खाली व्हायचा. दोन मिनिटं गप्प बसणं किती लांबलचक असतं, ते बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

हकीकत झाली की मी तीन गोष्टी विचारतो, शब्द माणसागणिक बदलतात. तुम्हाला स्वतःला हे कशामुळे वाटतंय? मनात धास्ती कशाची आहे? आणि आज माझ्याकडून काय व्हावं असं वाटतं? पहिला प्रश्न ऐकून काही जण चिडतात: "ते तुम्ही सांगायचं ना!" चिडू देत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुष्कळदा निम्मं काम होतं. दहा दिवसांच्या खोकल्यासाठी एक्स-रेचा हट्ट धरणाऱ्या माणसाला एक्स-रेचं वेड नसतं. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला टीबी निघालेला असतो. ते कळलं की मी त्याला एक्स-रे नाकारतही नाही, कारण आता प्रश्नच वेगळा झाला.

खरी गोष्ट मात्र बऱ्याचदा उठताना निघते. आमच्यात याला 'दाराच्या कडीवरचं वाक्य' म्हणतात. एक पन्नाशीचे गृहस्थ कानात दडा बसला म्हणून आले. मळ काढला, आभार मानले, उठले. पंधरा दिवसांनी परत आले, पुन्हा कान, काही नव्हतं. तिसऱ्या वेळी कडीला हात घातला, दार अर्धं उघडलं आणि पाठमोरेच म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू का... म्हणजे फार महत्त्वाचं नाही..." मी म्हटलं, "दार लावा, बसा." वर्षभरापासून शरीरसंबंध जमत नव्हते. तीन भेटी हे एक वाक्य तोंडापर्यंत यायला लागल्या. इथे फक्त एक गोळी लिहून देणारा डॉक्टर त्यांना आवडलाही असता. पण या वयात ही तक्रार कित्येकदा रक्तवाहिन्यांची असते. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून बिघाड तिथे काही वर्षं आधी दिसतो. बीपी वाढलेलं निघालं. उपाशीपोटी शुगर मधुमेहाच्या रेषेपलीकडे. सिगारेट होतीच. कानाच्या मळापासून निघालेला हा रस्ता हृदयापर्यंत गेला. पहिल्याच भेटीत "अजून काही?" असं ते उठण्याआधी मी विचारलं असतं, तर एका भेटीत काम झालं असतं. आता मी ते विचारतो, पण उठायच्या वेळी नाही, हकीकत ऐकून झाल्यावर लगेच.

आता वेळ, म्हणजे थांबणं. आमच्या हत्यारांत याच्याइतकं धारदार आणि याच्याइतकं धोक्याचं दुसरं नाही. साध्या विषाणूजन्य खोकल्याचं उदाहरण घ्या. लोकांना वाटतं तो आठवड्यात, फार तर नऊ दिवसांत जावा. प्रत्यक्षात तो सरासरी १८ दिवस चालतो. या दोन आकड्यांमधल्या फटीत जगभरातली किती अँटिबायोटिक्स वाया जातात, कल्पना करा. नवव्या दिवशी माणूस कंटाळून गोळ्या मागतो, अकराव्या दिवशी खोकला उतरू लागतो, श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी तो तिसऱ्या दिवशीच येतो. म्हणून पहिल्या भेटीतच मी सांगून ठेवतो की हा अडीच आठवडे पाहुणा आहे.

पण 'थांबून बघू' एवढंच म्हणून पेशंटला घरी पाठवणं ही हयगय आहे. थांबायचं किती, काय झालं तर थांबायचं नाही, आणि तेव्हा कुठे जायचं, हे तिन्ही सांगितलं तरच ते थांबणं औषधासारखं वापरलं असं म्हणता येईल. तुम्ही लहान मुलांचं विचारलंय म्हणून नमुना देतो. तापानं फणफणलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या आईला मी साधारण असं सांगतो: "आज मला हा साधा विषाणूचा ताप वाटतो. तीन दिवस चढ-उतार होईल. थर्मामीटरवरच्या आकड्यापेक्षा मुलाकडे बघा. ताप उतरल्यावर खेळतंय ना? पाणी, दूध घेतंय ना? लघवी नेहमीपेक्षा निम्म्यावर आली, उठवूनही नीट जागं होत नाही, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, किंवा अंगावर असे डाग उठले की काचेचा ग्लास दाबून धरला तरी फिके पडत नाहीत, तर माझ्या फोनची वाट बघू नका, थेट रुग्णालय. यातलं काही नसेल आणि चौथ्या दिवशीही ताप असेल तर माझ्याकडे." मग तिलाच म्हणतो, आता मला परत सांगा. परत सांगताना एखादी गोष्ट गळते, ती पुन्हा सांगतो. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर यातलं काहीच लागू नाही. त्याला लगेच दाखवायचं.

कंबरदुखीतही तसंच. बहुतेक कंबरा काही आठवड्यांत ताळ्यावर येतात, स्कॅन न करता. पण लघवी तुंबली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर उद्यापर्यंतही थांबायचं नाही. नव्या डॉक्टरकडून निघताना 'काय झालं तर परत यायचं' हे तुम्हाला घरच्यांना सांगता येतंय का, हे तपासा. पहिल्या भेटीची माझ्या मते हीच सगळ्यात चांगली परीक्षा.

मग एकच डॉक्टर वर्षानुवर्षं धरून राहण्यानं काय साधतं? नॉर्वेत प्रत्येकाचा फॅमिली डॉक्टर ठरलेला असतो, त्यामुळे तिथे हे मोजता आलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचं एकाच डॉक्टरशी नातं १५ वर्षांहून जास्त होतं, त्यांना अवेळी तातडीची सेवा लागण्याची, रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची आणि मृत्यूचीही शक्यता, नातं वर्षभराचंच असलेल्यांपेक्षा सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसली. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. मुळात स्थिर आयुष्य असलेली माणसं डॉक्टरही बदलत नाहीत, असंही असू शकेल. त्याआधी, २०१८ मध्ये, अशा २२ अभ्यासांचा आढावा घेतला गेला होता, त्यांतल्या १८ अभ्यासांत कल हाच होता. मला यात नवल वाटत नाही. ज्या बाईंनी अकरा वर्षांत एकदाही तातडीनं फोन केला नाही, त्यांनी रात्री दहा वाजता फोन करून "जरा बरं वाटत नाहीये" म्हटलं, तर मी चप्पल शोधू लागतो. हे कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

ओळखीचा तोटाही आहे आणि तो मी भोगलाय, म्हणजे पेशंटनं भोगला. एक निवृत्त हिशेबनीस दर महिन्याला बीपीसाठी यायचे. घरी मोजलेलं बीपी वहीत लिहून आणायचे, रेघा आखून, दोन शाया वापरून. तीन वर्षं मी ती वही बघत होतो. मी सुट्टीवर असताना त्यांना माझ्या जागी बसलेल्या तरुण सहकारी डॉक्टरनं पाहिलं, आणि परत आल्यावर तिनं मला विचारलं, "यांचा डावा हात चालताना हलत नाही, हे आधीपासूनच आहे का?" मी वही मागवली. पहिल्या पानावरचे आकडे ठसठशीत. मधल्या पानांवर जरा आखडलेले. शेवटच्या पानांवर मुंगीच्या पावलांएवढे, ओळीच्या शेवटाकडे आणखी बारीक होत गेलेले. पार्किन्सन, म्हणजे मेंदूचा तो आजार ज्यात हालचाली मंदावतात आणि अक्षर बारीक होत जातं. माझ्या टेबलावर दर महिन्याला निदान उघडं करून ठेवलं जात होतं आणि मी त्यातले फक्त आकडे वाचत होतो, अक्षर नाही. रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. त्यानंतर जुन्या पेशंटना वर्षातून एकदा मी नवा पेशंट असल्यासारखं तपासतो: दारातून चालत येताना बघतो, वजनाचा पाच वर्षांचा आलेख बघतो, फाइल पहिल्या पानापासून चाळतो. तेव्हा डॉक्टर जोडीनं किंवा गटानं काम करत असतील, तर ती उणी बाजू समजू नका.

'हाताला गुण आहे' म्हणतात, त्याबद्दल थोडंसं. पुष्कळ डॉक्टर याला हसतात. मायकेल बालिंट नावाचे मूळचे हंगेरियन मनोविश्लेषक १९५० च्या दशकात लंडनमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांना घेऊन बसायचे, पेशंटच्या हकिकतींवर चर्चा करायचे. त्यांचं म्हणणं असं की दवाखान्यात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे खुद्द डॉक्टर; पण त्याचा डोस किती, दुष्परिणाम काय, हे कुठे लिहिलेलं नाही. मला हे पटतं, दुष्परिणामांसकट. माझ्याशिवाय ज्यांचं पानही हलेनासं झालं असे पेशंट मी तयार केलेत, आणि ते चांगलं काम नव्हतं.

आता थेट स्पेशालिस्टकडे जाण्याचं. तुमच्या सासूबाईंच्या वयाचं उदाहरण देतो. ७४ वर्षांच्या एक आजी मुलाबरोबर आल्या. मी फोनवरच सांगितलं होतं की घरातली सगळी औषधं आणा, चालू-बंद सगळी. कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. ११ प्रकारच्या गोळ्या, चार वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मी चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या आणि गोष्ट उलगडली. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं, पुढे डोस वाढवला. त्यानं घोट्यांना सूज आली. हा त्याचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. सूज बघून दुसऱ्या कुणी लघवीची गोळी, फुरोसेमाइड, दिली. त्या गोळीनं युरिक अ‍ॅसिड वाढतं. ते सांध्यात साचून पायाचा अंगठा सुजून लाल झाला, म्हणून सांध्यांच्या डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं. वेदनाशामकानं बीपी चढलं, आणि पोटात जळजळ झाली म्हणून आणखी एक गोळी. चढलेल्या बीपीसाठी पुन्हा पहिल्या डॉक्टरांनी दुसरं औषध जोडलं. रात्री लघवीला उठावं लागायचं म्हणून झोपेची गोळी. आणि झोपेच्या गुंगीत एकदा बाथरूममध्ये तोल गेला होता.

यातल्या एकाही डॉक्टरनं आपापल्या जागी काही वावगं केलं नव्हतं. पण ती रांग एकत्र बघणं कुणाचंच काम नव्हतं. मी एकदम काही बंद केलं नाही. आधी बीपीचं मूळ औषध बदललं, सूज उतरल्यावर फुरोसेमाइड कमी करत थांबवलं, मग वेदनाशामक, मग जळजळीची गोळी. झोपेची सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू, कारण ती झटक्यानं बंद करता येत नाही. मध्ये दोनदा किडनीची तपासणी. पाच महिने लागले, अकराच्या चार झाल्या. हे वाचून कुणी घरच्या घरी गोळ्या कमी करायला जाऊ नका. क्रम चुकला तर फार महागात पडतं.

बार्बरा स्टारफिल्ड यांनी आयुष्यभर प्राथमिक सेवेचा अभ्यास केला; त्या चार गोष्टी सांगायच्या: पहिला संपर्क इथे, नातं दीर्घकाळ, कुठल्याही तक्रारीला दार उघडं, आणि बाकी सगळ्यांच्या कामाचा मेळ घालणं. आजींच्या बाबतीत चौथी गोष्ट गळाली होती. स्पेशालिस्टची गरज मला रोज लागते, आणि काही वेळा तुम्ही माझ्याकडे न थांबता थेट गेलेलंच बरं: छातीवर दगड ठेवल्यासारखं दाबतंय आणि घाम फुटलाय, तोंड वाकडं झालंय, डोळ्यासमोर अचानक पडदा आलाय. पण चक्कर येते म्हणून कानाचे, मग मानेचे, मग मेंदूचे, मग हृदयाचे डॉक्टर अशी यात्रा केलेली माणसं मी पाहिलीत, ज्यांचं बीपी उभं राहिल्यावर कुणी मोजलंच नव्हतं. आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत पुन्हा, एवढंच करायचं असतं.

चांगल्या फॅमिली डॉक्टरची आणखी एक खूण त्याच्या समोर बसून दिसत नाही: जो पेशंट येतच नाही त्याचं तो काय करतो? वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. आपल्या यादीतल्या प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजायचं असं त्यांनी ठरवलं, आणि जे आले नाहीत त्यांच्या मागे लागून मोजलं. १९७१ साली त्यांनी लिहून ठेवलं की चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे गरज जास्त, तिथेच ती कमी मिळते. माझ्या यादीतही ज्यांना मी सर्वाधिक हवा, तेच दुखणं अंगावर काढतात आणि ज्यांना फारसं काही झालेलं नाही ते महिन्यातून दोनदा येतात. दर शुक्रवारी दुपारी आमची परिचारिका, शुगर तपासायला सहा महिन्यांत न आलेल्यांना फोन करते. फार नाही, दहा-बारा फोन होतात. तुम्ही दवाखान्यात विचारू शकता: "तपासणीची तारीख चुकली तर तुम्ही आठवण करता का?" उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळेल.

असेच आणखी काही प्रश्न आहेत, ते स्वागतकक्षातच विचारून टाका. रिपोर्ट आले की कोण कळवतं, आणि नॉर्मल आले तर कळवतात की नाही? 'फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक' ही पद्धत असेल तर सावध राहा, रिपोर्ट हरवला तरी फोन येत नाही. डॉक्टर सुट्टीवर असताना कोण बघतं आणि त्या व्यक्तीला तुमची फाइल दिसते का? स्पेशालिस्टकडे पाठवताना चिठ्ठीत काय लिहितात? 'कृपया तपासावे' एवढंच असेल तर ती चिठ्ठी नव्हे, टपाल झालं. माझ्या चिठ्ठीत प्रश्न असतो: ही चक्कर हृदयाच्या ठोक्यांमुळे आहे का? चालू औषधं सोबत लिहिलेली असतात.

खोलीत गेल्यावर बाकी काही नाही, दोन-तीन वाक्यांकडे कान ठेवा. "मला अजून नक्की सांगता येत नाही" हे वाक्य सहज म्हणणारा डॉक्टर मला आवडतो, पण त्याच्यापाठोपाठ "म्हणून आपण असं करू" यायला हवं. "ही तपासणी का?" विचारल्यावर त्रासणारा नको. मागितलेलं अँटिबायोटिक नाकारताना तुमच्यावर डाफरणारा नको आणि हसत-हसत लिहून देणारा तर मुळीच नको.

आणि पहिल्या भेटीला जाताना सासूबाईंच्या औषधांची पिशवी घेऊन जा, जुन्या चिठ्ठ्यांसकट. मुलांच्या लसीकरणाची कार्डं न्या. शक्य असेल तर कुणी आजारी नसताना जा. जे विचारायला अवघड वाटतंय ते कागदावर सगळ्यात वर लिहा, आणि बसल्या-बसल्या तो कागद टेबलावर ठेवा.